कोणता तांदूळ, किती जुना?

अच्छाड हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव. आमच्या शिवाराबाहेर पडलं की भिलाड, म्हणजे गुजरात. रस्त्यावर रात्रंदिवस मालट्रकांची रीघ आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं. तलासरीच्या बाजारात जा नाही तर सीमा ओलांडून भिलाडला जा, दुकानात तांदळाच्या पोत्यांची थप्पी लागलेली असते. कोलम, मसुरी, एचएमटी, बासमतीचा तुकडा. रेशनचा तांदूळ येतो तो आणखी वेगळा. तांदळाला इथे तोटा नाही. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली आणि घरचं भातशेत अजून बघणारी बाई म्हणून मी सांगते, आमच्याकडच्या बहुतेक घरांत एका साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आज पातेल्यात शिजतोय तो तांदूळ कोणता, आणि किती जुना?

हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता नाही. पालघर जिल्ह्यातली भाताची जुनी वाणं राहणार की जाणार, याचा निकाल शेवटी चुलीपाशी लागणार आहे, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगते.

भात झोडून, वारवून पोत्यात भरलं की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक व्यापाऱ्याची आणि दुसरी आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्राची. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाच्या भाताला २,३८९ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. म्हणजे सरकारच्या लेखी भाताचे प्रकार दोन आणि त्यांच्यात अंतर वीस रुपयांचं. आधारभूत खरेदीला माझा विरोध नाही. ती नसती तर पावसाने झोडपलेल्या वर्षी छोट्या शेतकऱ्याने भात मातीमोल भावाने घातलं असतं. पण त्या काट्यावर कोळपी, झिनी, डांगी, राजगुड्या ही सगळी वाणं एकाच ढिगात जातात. पुढे गिरणीत क्विंटलभर भाताचे ६७ किलो तांदूळ असा हिशेब धरतात, आणि जे पोतं भरतं त्यावर वाणाचं नाव नसतं.

भाव सारखाच मिळणार असेल तर शेतकरी एकरी जास्त उतरणारं बियाणं लावणार. त्याचं काहीच चुकत नाही. त्याच्या घरात लग्न असतं, आजारपण असतं, मुलांच्या फिया असतात. कमी उतारा देणारं, वाऱ्याने लोळणारं, पण शिजल्यावर घरभर वास सुटणारं वाण त्याने राखावं ते कोणासाठी? खाताना ज्याला फरक कळतो त्याच्यासाठी. असा खाणारा संपला की वाणही संपतं.

आमच्या घरी सासूबाईंच्या काळात कणग्या वेगळ्या असायच्या. हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला घरात येई, गरवं दिवाळी उलटल्यावर. हळव्याचा जाडा तांदूळ पेजेला आणि भाकरीला. बारीक झिनी पाहुण्यांना आणि लग्नकार्याला. लाल तांदूळ बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. कांडताना पडलेल्या कण्या सकाळी मुलांना, ताकात शिजवून. वरणाबरोबर वाढायचा तो भात मागच्या वर्षीच्या तांदळाचा. नवा तांदूळ त्या भाताला लावत नसत. कोणी त्यांना हे पुस्तकातून शिकवलं नव्हतं, पण यातली प्रत्येक गोष्ट शास्त्राला धरून आहे. तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज नावाचा घटक असतो. तो जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर मऊ आणि चिकट. इंद्रायणी, आंबेमोहर चिकटतात ते त्यामुळेच. शिवाय तांदूळ साठवणीत मुरतो तसा तो जास्त पाणी पितो, जास्त फुगतो आणि शीत सुटं राहतं. नव्याला पाणी कमी आणि जुन्याला जास्त, हा बायकांचा हिशेब त्यातूनच आलेला आहे.

आता भात शिजवण्याबद्दल. आमच्याकडे पूर्वी भात वेळत असत, आणि मी आजही सुट्टीच्या दिवशी वेळते. जाड बुडाच्या पातेल्यात भरपूर पाण्याचं आधण ठेवायचं. तांदूळ दोनदाच धुवायचे, चोळून चोळून नाही, कारण पाण्यात विरघळणारी ब गटातली जीवनसत्त्वं धुवणाबरोबर जातात. आधणाला खळखळ उकळी आली की तांदूळ वैरायचे, एकदा उलथन्याने तळापासून ढवळायचं आणि मग हात लावायचा नाही. थोड्या वेळाने एक शीत काढून बोटांच्या चिमटीत दाबायचं. बाहेरून मऊ आणि मधे टाचणीच्या टोकाएवढी पांढरी कणी लागली की तीच वेळ. त्या क्षणाला पातेलं उतरवून झाकणाच्या फटीतून पेज दुसऱ्या भांड्यात गाळायची. पातेलं पुन्हा मंद आचेवर, शक्य असेल तर निखाऱ्यावर ठेवायचं. मधली कणी उरलेल्या वाफेतच शिजते. कणी पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर वेळल्यावर भाताचा गोळा होतो, आणि लवकर वेळलात तर तो पोटात टोचतो. ही वेळ प्रत्येक वाणाची वेगळी. झिनीला बघता बघता येते, जाड्या लाल तांदळाला बराच धीर धरावा लागतो. म्हणून तांदूळ कोणता हे ठाऊक असल्याशिवाय भात वेळताच येत नाही.

गाळलेली पेज आम्ही कधी ओतून दिली नाही. तीत मीठ घालायचं, असेल तर चमचाभर तूप, आणि शेतावर जाणाऱ्याने ती गरम गरम पिऊन निघायचं. सोबत भाजलेला सुका बोंबील असला की आणखी काही लागत नसे. भात शिजताना जीवनसत्त्वांचा जो भाग पाण्यात उतरतो तो पेजेतून पोटात जातो. पेज मोरीत ओतणारं घर पौष्टिक पावडरचे डबे विकत आणतं याचं मला फार वाईट वाटतं.

भाकरीची गोष्ट अशीच. आमच्या भागात तांदळाची भाकरी रोजची, आणि ती नव्या तांदळाचीच चांगली होते. तांदूळ धुऊन सावलीत सुकवायचे, गिरणीत बारीक दळून आणायचे. चिमूटभर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ सोडून, झाकून एक वाफ आणायची आणि हाताला चटके बसत असतानाच मळायचं. थापताना कड चिरली तर समजावं, तांदूळ जुना आहे किंवा दळून फार दिवस झालेत. पिठाची विरी गेली. मग कितीही मळा, तव्यावर भाकरी फुगत नाही. दुकानातल्या तयार पिठाच्या पुडीवर दळल्याची तारीख असते, पण तांदूळ कोणत्या हंगामाचा होता ते नसतं. सुना म्हणतात, ‘आई, आम्हाला भाकरी जमत नाही.’ त्यांच्या हातात काही उणं नाही. पीठच तसं येतं.

यावर कोणी म्हणेल, सकाळी साडेसहाला रिक्षात बसून उंबरगाव, सरीगामच्या कंपनीत पोहोचायचं असतं त्या बाईने निखाऱ्यावर भात वेळत बसायचं का? मुळीच नाही. माझी सूनही कुकरच लावते आणि मी त्याला कधी नावं ठेवत नाही. कुकरने बाईचा वेळ आणि सरपण दोन्ही वाचवलं. कुकरलाही तांदूळ ओळखावा लागतो, एवढंच माझं सांगणं. सगळ्या तांदळाला दुप्पट पाणी आणि तीन शिट्ट्या, हे माप आपण डोळे झाकून लावतो. नव्या कोलमला तेवढ्या पाण्यात गिचका होतो. जुन्या जाड्याला ते कमी पडतं आणि डब्यातला भात दुपारी एकला खडखडीत होतो. मग डबा खायला बसलेला माणूस म्हणतो, गावठी तांदूळ चांगला लागत नाही, दुकानातला आणा. वाणाची बदनामी अशी होते. घरातल्या मुलग्यांनाही हे शिकवा. वापी, सिल्वासात चारजण मिळून खोली घेऊन राहणारी आमची पोरं रोज भात शिजवतात. पाण्याचं माप त्यांना कळलं तर घरून नेलेला तांदूळ ती आवडीने खातील.

रेशनच्या तांदळाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तलासरी तालुक्यात हजारो पोटांचा तो आधार आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्या भागात भाद्रपदात कणगी रिकामी व्हायची, तिथे याचं मोल मला ठाऊक आहे. अलीकडच्या वर्षांत या तांदळात पोषणमूल्य वाढवलेले दाणे मिसळले गेले आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून ते यंत्राने दाण्याच्या आकाराचे करतात आणि किलोमागे साधारण दहा ग्रॅम मिसळतात. धुताना ते पाण्यावर तरंगतात, रंगाने वेगळे दिसतात. मग पाड्यापाड्यावर बोलवा होते, ‘प्लास्टिकचा तांदूळ आला,’ आणि बायका दाणे वेचून फेकून देतात. ते प्लास्टिक नाही, फेकू नका. माझ्या शाळेतल्या आयांना मी हेच सांगत आले. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा घराने मात्र दवाखान्यात विचारून घ्यावं, कारण बाहेरून लोह किती घ्यायचं हे त्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

पण मुळात भीती का पसरली? तांदूळ ओळखणारे हात कमी झाले म्हणून. शिवाय तांदळात पोषण बाहेरून घालावं लागतं, त्याच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. तांदूळ पांढराशुभ्र दिसावा म्हणून आपण त्याचा कोंडा काढून टाकतो आणि ब जीवनसत्त्वांचा मोठा वाटा त्या कोंड्यात असतो. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या लक्षात आलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. त्या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं. इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून गिरणीवाल्याला सांगतो, ‘भाऊ, चांगला पांढरा काढा.’ एकदाच सडलेला, किंचित तांबूस राहिलेला तांदूळ चवीला भरदार असतो आणि पोटाला धरून राहतो. हातसडीची मेहनत कोणी करावी असं मी म्हणणार नाही. पण गिरणीत एक पॉलिश कमी करायला सांगणं तर आपल्या हातात आहे.

आमच्या शेजाऱ्यांकडे बघा. पारशांचं संजाण आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या करणारी इराणी, पारशी घरं आजही आहेत. त्यांच्यात धानसाकबरोबरचा भात कांदा आणि साखर करपवून तपकिरी करतात, पण तो शुभ दिवशी कधीच नाही. घरात माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी धानसाक असतं. सणाला, वाढदिवसाला पांढरा भात, पिवळी डाळ आणि पातियो. कोणत्या दिवशी कोणता भात, हे त्या समाजाने अजून सोडलेलं नाही. सीमेपलीकडची गुजराती बाई दुकानात खिचडीचा तांदूळ वेगळा मागते. आणि आमच्याकडे? वारली समाजात कणसरी ही धान्याची देवी. नवं पीक तिला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. लग्नात भिंतीवर चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तीच चित्रं कागदावर आणली, वारली चित्रं जगभर गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या तांदळाच्या पिठाने ती रंगली त्याचं नाव विचारणारा मात्र डहाणूतसुद्धा विरळा. ही गोष्ट मला मनापासून लागते.

आपल्याच तालुक्याचा इतिहास आठवा. झरी गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. १९४५ मध्ये तिथे वारली शेतकरी जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याआधी पावसाळ्यात सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आलं की वाढवून परत करायची, अशी रीत होती. राबणाऱ्याच्या घरात त्याने स्वतः लावलेलं भात टिकत नसे. ज्या मातीत आपलं भात आपल्या घरात ठेवण्यासाठी माणसं जिवावर उदार झाली, तिथे आज घरचं चांगलं भात विकून टाकायचं आणि बाजारातून अनोळखी तांदूळ आणायचा, हे मला पटत नाही.

जपानमध्ये दुकानातल्या तांदळाच्या पिशवीवर वाण, पिकल्याचं ठिकाण आणि साल छापतात. नव्या हंगामाचा तांदूळ वर्षअखेरच्या आत सडून पिशवीत भरला तरच त्याला नवा म्हणून विकता येतं. लोक त्याची वाट बघतात. आपल्या जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण वाडा कोलम म्हणून विकला जाणारा सगळाच तांदूळ वाड्यात पिकलेला नसतो, आणि गिऱ्हाईकाला चव ठाऊक नसेल तर मानांकनाचा कागद शेतकऱ्याला वाचवू शकत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांचं घर बियाणं बँक झालं. पण बँकेतलं बियाणं दरवर्षी शेतात उतरायचं असेल तर पुढे ते कोणाच्या तरी ताटात पोचलं पाहिजे.

म्हणून माझं मागणं चार गोष्टींचं आहे. ज्याच्या घरी शेत आहे त्याने वर्षभराचं भात आधी कणगीत घालावं आणि उरेल ते विकावं. ज्याच्याकडे शेत नाही, त्या बोईसर, पालघर, विरारच्या नोकरदाराने दिवाळीनंतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक तरी पोतं थेट घ्यावं, वाणाचं नाव विचारून घ्यावं आणि डब्यावर नाव-साल लिहून ठेवावं. महामंडळाने खरेदी केंद्रावर पावतीत दर्जाबरोबर वाणही नोंदवावं. एक रकाना वाढवायला पैसा लागत नाही, आणि कोणत्या गावात काय पिकतं याची नोंद आपोआप होत जाईल. आणि महामार्गावरच्या हॉटेलवाल्यांनी, आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांनी आठवड्यातून एक दिवस तरी इथलाच तांदूळ शिजवावा. अच्छाडला जेवायला थांबणाऱ्या प्रवाशाला पंजाबी पुलाव कुठेही मिळेल. कोळपीचा गरम भात, चवळीची आमटी आणि भाजलेला बोंबील त्याला इथेच मिळू शकतो.

याच भागातून बुलेट ट्रेन आणि द्रुतगती मार्गासाठी जमिनी गेल्या, आणखी जातील. त्यावर वेगळी लढाई आहे. पण उरलेल्या खाचरात पुढच्या जूनमध्ये कोणतं बियाणं राबावर पेरायचं, हे शेतकरी आजच्या मागणीवरून ठरवतो. दुकानदाराला, शेतकऱ्याला आणि आपल्या घरात शिजवणाऱ्याला विचारत राहा, कोणता तांदूळ, किती जुना. विचारणारे वाढले की उत्तर देणारे शेतात उभे राहतील, याची मला खात्री आहे.